नवी पिकअप, ऑटो एसीत डावी बाजू कोमट: गॅस टॉप-अप करू का?

काटोलरोड:
मंडळी, सल्ला पाहिजे. डबल कॅब पिकअप नवीन आहे, वॉरंटी जवळपास पूर्ण बाकी. दोन झोनचं ऑटो क्लायमेट. दोन्हीकडे चोवीस लावलं की माझ्याकडे मस्त गार, पण डावीकडे बाबा बसतात तिथे कोमट हवा. सकाळी फरक कळत नाही. दुपारी काटोलहून नागपूरला येताना बाबा दुपट्टा ओला करून मानेवर ठेवतात. गाडी सुरू केली की कधीकधी ग्लोव्ह बॉक्सच्या मागून टकटक आवाज येतो, मग बंद होतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आहे, एवढं चालायचंच, गॅस टॉप-अप करून देतो. करू का? की बाहेरचा एसीवाला पाहू?

बुटीबोरी_एसी:
भाऊ, टॉप-अप करू देऊ नका. एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. नव्या गाडीत कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती शोधून देणं त्यांचं काम आहे. बाहेरच्या माणसाला तर हातच लावू देऊ नका, वॉरंटीत तेच कारण पुढे करतील.
आधी एक करून पाहा. वायरचा प्रोब असलेलं साधं डिजिटल थर्मामीटर घ्या. दोन्ही झोन एकदम 'लो'वर, आतलीच हवा फिरू द्या, पंखा मध्यम. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्हीकडच्या जाळीत प्रोब घालून आकडा बघा आणि डिस्प्लेसकट फोटो काढा. 'लो'वर दोन्ही बाजू सारख्या आणि चोवीसवरच फरक, तर फ्लॅपचं (आत गार-गरम हवा मिसळणारी झडप) कॅलिब्रेशन, म्हणजे मोजणी चुकली, किंवा सेन्सर. 'लो'वरही डावी बाजू गरम राहिली तर फ्लॅप अडकलाय, नाहीतर गॅस कमी आहे. गॅस कमी असला तरी काही गाड्यांत एकच बाजू गरम राहते, हे बरेच मेकॅनिक विसरतात. तुमच्या टकटकवरून मला फ्लॅपच्या मोटरचा संशय जास्त येतो. तिच्यात प्लास्टिकचे बारके गियर असतात, दात तुटला की घसरून तसाच आवाज येतो.

मानेवाडा४४:
डॅशबोर्डवर मॅट किंवा मूर्ती ठेवली आहे का? काचेजवळ एक काळी टिकली दिसेल, तो उन्हाचा सेन्सर. दोन झोनच्या काही गाड्यांत तो डावं-उजवं ऊन वेगळं मोजतो. तो झाकला गेला की सिस्टीमला वाटतं ऊनच नाही, आणि ती थंडावा कमी करते. स्टिअरिंगजवळची बारकी जाळीही बघा, आतलं तापमान तिथून मोजतात, धुळीने बुजते. सेन्सर चुकला की सगळंच चुकतं. मे २०२४ मध्ये आपल्या नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, मग हवामान खात्याने सेन्सरचा बिघाड म्हणून सांगितलं.

काटोलरोड:
डॅशबोर्ड मोकळा आहे, जाळीही साफ. 'लो'वर माझ्याकडे ९, बाबांकडे १७. फोटो काढलेत.

बुटीबोरी_एसी:
मग सेन्सर सोडा. जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटर तक्रार लिहून घेतं त्या कागदावर, "एसी कमी" लिहू देऊ नका. "दोन्ही झोन लो, उजवीकडे ९, डावीकडे १७, ग्लोव्ह बॉक्समागे टकटक" असंच लिहायला लावा. सगळा गॅस मशीनने काढून वजन करायला सांगा. किती ग्रॅम हवा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. वजन बरोबर निघालं तर डाव्या फ्लॅपची मोटर वॉरंटीत बदलायची. कमी निघालं तर आधी गळती, मग स्टिकरप्रमाणे भरणं.

सदर_वकील:
जॉब कार्डची प्रत दरवेळी घ्या, तोंडी आश्वासनावर परत येऊ नका. टाळाटाळ झाली तर कंपनीला ईमेल करा, तरी नाही जमलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

काटोलरोड:
सकाळी गाडी टाकू का? तेव्हा गर्दी कमी असते.

बुटीबोरी_एसी:
नाही, दुपारी दोनला जा. सुपरवायझरला डावीकडच्या सीटवर बसवा आणि वर्धा रोडने एक चक्कर मारा.