मदत हवी आहे: भर पावसाळ्यात मुलांना घेऊन पुण्याजवळ सायकल कुठे चालवावी?

सोलापूरची_आई
ऑगस्टच्या जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही चौघं वारज्याला भावाकडे येतोय. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठचा. चारही सायकली गाडीच्या मागच्या कॅरियरवर बांधून आणणार आहोत. मुलं रोज सायकल चालवतात, पण कोरड्या, सपाट रस्त्यावर. धो धो पावसाची त्यांना सवय नाही.

भाऊ म्हणतो, पावसाचे दिवस आहेत, सायकली तिकडेच ठेवा, मॉलमध्ये फिरू. माझं मन घेत नाही. आमच्याकडे आभाळाकडे डोळे लावून बसण्यातच निम्मा पावसाळा जातो. मुलांनी पाऊस अंगावर घ्यावा, हिरवं रान सायकलवरून बघावं अशी फार इच्छा आहे. पण त्यांच्या जिवाशी खेळ नको.

मुळशी-ताम्हिणीचे फोटो बघून तिकडे जावंसं वाटतंय. मुलांना झेपेल का? नाही तर दुसरं कुठे? आणि किती पाऊस असला की सरळ घरी बसायचं? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

कोथरूड_ते_कुठेही
ताई, ताम्हिणी मुलांसोबत सायकलवर नकोच. घाटात पुणे शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो, धुक्यात समोरून येणारी गाडी दिसत नाही, दरडी येतात, आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. गाडीतून बघून या. तेही प्रशासनाने पर्यटनबंदी लावलेली नसेल तरच.

हवामान खात्याचा इशारा बघताना एक लक्षात ठेवा: पुणे शहर आणि घाटमाथा यांचे इशारे वेगळे असतात. घाटावर रेड अलर्ट असताना पूर्वेकडे नुसती भुरभुर असते, कारण सह्याद्री ओलांडला की पाऊस झपाट्याने कमी होतो. म्हणून उलट दिशेला जा. सासवड, जेजुरी ओलांडून मोरगाव-सुपे भागात. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांसाठी राखलेलं. अभयारण्य गाडीने बघा आणि सायकली आसपासच्या आतल्या गावरस्त्यांवर काढा. श्रावणात तिथला माळ इतका सुंदर हिरवा होतो की घाटाची आठवण येणार नाही. दिवे घाट मात्र गाडीतूनच चढा.

निघताना पश्चिमेकडे तोंड करून सुरुवात करा. पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो. जाताना दम लागेल, पण परतताना थकलेल्या मुलांच्या पाठीशी वारा असेल.

सिंहगडरोडकर
घराजवळच हवं असेल तर खडकवासल्यापासून पानशेतच्या दिशेने धरणाच्या काठचा रस्ता सुरेख आहे. पण फक्त पहाटे. नऊनंतर चौपाटीवर कणीस-भजीवाल्यांभोवती गाड्या अशा लागतात की मोठ्यांनाही सायकल काढता येत नाही. पाण्यात उतरू नका, काठ निसरडा असतो. आणि धरणातून विसर्ग सुरू असेल तर शहरातल्या नदीपात्रातल्या रस्त्याकडे फिरकायचंच नाही. भिडे पूल दरवर्षी पाण्याखाली जातो.

सोलापूरची_आई
खूप आभार, सुप्याचं डोक्यातच आलं नव्हतं! मुलाच्या सायकलला साधे रबरी ब्रेक आहेत. ओल्यात चालतील का? आणि पोंचो घेऊ की रेनकोट?

दोन_लेकरांची_आई
पोंचो नको गं. वाऱ्याने फुगतो, टोक चाकात जातं. जॅकेट-पँटचा रेनकोट घे, भडक पिवळा किंवा केशरी. आत सुती कपडे घालू नकोस. एकदा भिजले की अंगाला चिकटतात आणि उतारावर वारा लागला की मुलं कुडकुडतात. लहान मुलं आपल्यापेक्षा लवकर गारठतात. ओठ निळसर दिसले किंवा बडबड करणारं पोर एकदम गप्प झालं, की थांबायचं, कोरडे कपडे, गरम दूध. गाडीत प्रत्येकाचा एक कोरडा जोड आणि टॉवेल ठेवच. बुटांपेक्षा मागे पट्टा असलेले सँडल बरे.

कोथरूड_ते_कुठेही
रबरी ब्रेक चालतील, पण उशिरा लागतात. चाकाची कड ओली असली की पहिला फेरा नुसतं पाणी पुसण्यात जातो. मुलाला आधीपासून हलकेच दाबून ठेवायला शिकवा, दोन्ही ब्रेक एकत्र. रबर झिजलं असेल तर निघण्याआधी बदला, फार खर्च येत नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं ओल्यात घसरतात, त्यांवर वळायचं नाही. तळ न दिसणाऱ्या डबक्यातून सायकल घालायची नाही. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

घरी कधी बसायचं? जिथे चालवणार तिथे ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर. वाटेत गडगडाट ऐकू आला तर सायकली सोडून पक्क्या छताखाली किंवा गाडीत. झाडाखाली मुळीच नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. नुसत्या सरी असतील तर बिनधास्त निघा.

सोलापूरची_आई
ठरलं. एक सकाळ सुप्याकडे आणि पाऊस बरा असेल तर एक पहाट खडकवासला. भावालाही हा धागा दाखवते. कॅरियरवर चार सायकली लावल्या की मागची नंबरप्लेट आणि दिवे झाकले जातात, त्याचं काय करता?

सिंहगडरोडकर
दिवे आणि नंबरप्लेट दिसलेच पाहिजेत, पावसात तर जास्तच. मुलांच्या दोन सायकली पुढची चाकं काढून डिकीत आडव्या टाका, मागे दोनच लावा, आणि अंधारात दुसऱ्या कुणाला गाडीमागे उभं करून ब्रेकचा दिवा दिसतो का ते बघून मगच निघा.