आधी ताट बदलतं
‘वय झालं की पोटातले जिवाणू बदलणारच’ हे मत मला अर्धंच पटतं. आयर्लंडमध्ये कॉर्कच्या संशोधकांनी १७८ वृद्धांचा अभ्यास २०१२ साली ‘नेचर’मध्ये मांडला. घरी राहणाऱ्यांपेक्षा शुश्रूषागृहात कायमच्या राहणाऱ्यांच्या आतड्यातली जिवाणूंची विविधता कमी होती. दाह आणि अशक्तपणा जास्त. विशेष म्हणजे, तिथे गेल्यावर आहार महिन्याभरातच बदलला होता, जिवाणू पुरते बदलायला वर्ष लागलं.

ताट बदलण्यामागे दातही असू शकतात, पण तो विषय सहसा निघत नाही. आईची कवळी सैल झाली आणि भाकरी, मटकीची उसळ, काकडी सगळंच सुटलं. उरला मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटं. आम्ही मात्र ‘भूक मंदावली’ समजत राहिलो. नवी कवळी बसल्यावर तिने आधी भाकरीचा पापुद्रा मागितला.