दोन हजार पत्रकं वाटली, फोन आले सात. चुकलं कुठे?

घरचा डबा, मुलुंड पूर्व
नमस्कार मंडळी. मी घरून पोळी-भाजी देते, सणावाराला पुरणपोळी आणि संकष्टीला उकडीचे मोदक. गेल्या महिन्यात ए-५ आकाराची, दोन्ही बाजूंनी रंगीत २,००० पत्रकं छापून पेपरात टाकली. छपाई आणि पेपरवाल्याचे धरून साडेसात हजार गेले. फोन सात. त्यातला एक डबे विकणाऱ्याचा, एका बाईंना माझ्याकडे पोळ्या लाटायचं काम हवं होतं, आणि एका आजोबांनी "ऊकडीचे" दीर्घ छापलंय म्हणून झापलं.

त्याच सकाळी लिफ्टमध्ये माझंच पत्रक पडलेलं दिसलं. "शुद्ध, रुचकर, घरगुती" यावर कुणाच्या तरी बुटाचा ठसा. वर गणपती, मध्ये थाळीचा फोटो, मग ३४ पदार्थांची यादी, मरून रंगावर पांढरी अक्षरं. गणपतीच्या आधी पुन्हा छापायचंय. या वेळी कागद जाड घेऊ का?

लाइनवाला
ताई, रविवारी टाकलीत का? रविवारी पुरवण्या जाड, त्यात आणखी चार जणांची पत्रकं. मधला वार घ्या. आम्ही पहाटे चारला स्टेशनबाहेर बसून पुरवण्या भरतो, गठ्ठा आदल्या संध्याकाळी हातात पाहिजे. आणि २,००० कशाला उधळायची? डबा चालत पोचेल अशा बिल्डिंगा सांगा, ५०० भरपूर झाली. खांबावर-भिंतीवर मात्र चिकटवू नका, विद्रूपणाचा १९९५ चा कायदा आहे.

निवृत्त मशीनमन
ताई, लोअर परळच्या गाळ्यांमध्ये ऑफसेट मशीनवर एकतीस वर्षं काढली, म्हणून स्पष्टच बोलतो. कागदाचा दोष नाही. पेपरात ९० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ९० ग्रॅम वजनाचा) कागद पुरतो. १३० चा गुळगुळीत कागद काउंटरवर ठेवायला बरा, पेपरातून तो घसरून जिन्यात पडतो.

माणूस पेपर झटकतो, पत्रक खाली पडतं, ते उचलून कचऱ्याच्या डब्यापर्यंत जातो. त्या चार पावलांत जे दिसेल तेवढंच तुमचं. तिथे "शुद्ध, रुचकर" काय कामाचं? अशुद्ध आहे असं कोण छापतो! पोळी-भाजी गल्लोगल्ली मिळते. तुमचे मोदक पुढे काढा: "संकष्टीला २१ मोदक, चंद्रोदयाच्या आधी घरपोच. ऑर्डर आदल्या दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत." फोन आजच का करायचा, ते यातच आलं. खाली नंबर, पाच-पाच आकडे तोडून, ठसठशीत. बाकीचे ३३ पदार्थ मागच्या बाजूला जाऊ देत. आणि भाव लिहा. भाव नसला की लोक महाग धरून चालतात, विचारायला संकोचतात. अन्न विकताय तर एफएसएसएआय (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) नोंदणीचा १४ आकडी क्रमांकही हवा.

आता मरून रंग. तो तीन-चार शाया एकावर एक बसून होतो. एक रंग केसभर सरकला की पांढऱ्या अक्षरांत शाई शिरते. इंग्रजी अक्षर त्यातून तरून जातं, आपले अनुस्वार बुजतात, चिंचेची चिच होते. पांढऱ्यावर काळं छापा, १२ पॉइंटच्या खाली उतरू नका आणि ओळी सुट्या ठेवा. वर वेलांटी, खाली उकार, दोघांनाही राहायला जागा लागते.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता पाठवलात तर तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छापायच्या आकाराला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, पाहिजेत. मोदक पांढरे, ताटलीही पांढरी असं नको. केळीच्या पानावर ठेवा.

प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना, कागदावर घ्या. डीटीपीवाला (संगणकावर पत्रक मांडणारा) युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये ओढतो तेव्हा वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, मोबाईलवर ते नजरेतून सुटतं.

गिरगावकर
क्यूआर कोड टाका, थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडेल असा. निदान २ सेंटिमीटरचा, भोवती पांढरी जागा सोडून. आणि मागे वर्षभराच्या संकष्ट्या, चंद्रोदयाच्या वेळांसकट छापा. लोक फ्रिजवर लावून ठेवतील.

निवृत्त मशीनमन
गिरगावकर, कालनिर्णय १९७३ पासून घरोघरी टांगलेलं आहे, तुमचे चंद्रोदय कोण बघणार? पण क्यूआर बरोबर. फक्त छापील प्रूफवरूनच स्कॅन करून बघा, स्क्रीनवरून नको.

घरचा डबा, मुलुंड पूर्व
सगळ्यांचे आभार. काका, तुमचं ऐकून यादी पाठीमागे टाकली. यजमान म्हणतात थालीपीठ तरी पुढे राहू दे, अजून भांडण चालू आहे. गिरगावकर, चंद्रोदय फक्त येत्या संकष्टीचा घालते, मुंबईची वेळ बघून.

प्रूफ काल आलं. घरच्या कुणाला चूक दिसेना, म्हणून त्या आजोबांनाच फोन लावला. घरी बोलावून, चष्मा पुसून, मोठ्याने वाचलं त्यांनी. दोन चुका काढल्या. मग विचारलं, "पारी पातळ असते ना?"