बुलेट आणि बाबांची साइडव्हीलवाली अ‍ॅक्टिवा पिकअपमधून चिपळूणला न्यायचीय, बांधायची कशी?

वाशिष्ठीकाठचा:
मंडळी, पुढच्या रविवारी कोथरूडचं बिऱ्हाड चिपळूणला हलतंय. घरसामानाचं ठरलं, दोन गाड्या माझ्या गळ्यात आहेत. एक माझी बुलेट, म्हणजे २०१३ ची क्लासिक ३५०. दुसरी बाबांची अ‍ॅक्टिवा. त्यांना लहानपणी पोलिओ झाला होता, त्यामुळे तिला मागे दोन्ही अंगांना जादा चाकं लावलेली आहेत.

नऊ फुटी हौद्याची बोलेरो पिकअप ठरवलीय. ड्रायव्हर म्हणतो, "मधे गादी कोंबू, नायलॉनची दोरी मारू, काय होत नाय." मागे एकदा असंच "काय होत नाय" ऐकून बुलेट नाशिकहून आणली होती. टाकीला पोचा पडला तो अजून तसाच आहे. यावेळी कऱ्हाडवरून कुंभार्ली घाट उतरायचाय. बुलेटचं एक वेळ चालेल, पण अ‍ॅक्टिवाला काही झालं तर बाबा घरात अडकून पडतील.

पाना१४:
साताऱ्यात गॅरेज आहे माझं. कास-बामणोलीकडं बंद पडलेल्या गाड्या पिकअपमधून खाली आणायचं काम कायम चालू असतं, म्हणून सांगतो.

आधी बुलेट. दोरी हँडलला मारायची नाही. सगळे तिथंच मारतात, कारण हात तिथं पोचतो. खड्ड्यात गाडी खाली बसली की दोरी ढिली, वर उसळली की हिसका. असे पाच-पन्नास हिसके बसले की हँडल क्लॅम्पात फिरतं आणि गाडी कलते. हेडलाइटच्या खाली हात घाल. दोन्ही शॉकअपना धरून ठेवणारी टी लागेल, तिला बांध. क्लचची केबल, वायरिंग, ब्रेकचा पाइप पट्ट्याखाली दबत नाही ना ते बोटानं चाचपून बघ. पट्टा पत्र्याला घासेल तिथं जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळ.

नायलॉनची दोरी भिजली की आणखी ताणते, त्यापेक्षा रॅचेटचे पट्टे घे, दांडा टकटक हलवून आवळायचे असतात ते. बुलेटला चार: दोन पुढं, दोन मागं. पुढचं चाक केबिनमागच्या जाळीला टेकव, गाडी सरळ उभी धर. एकानं सीटवर बसून पुढचं शॉकअप दाबायचं, दुसऱ्यानं डावा-उजवा आळीपाळीनं आवळायचा. शॉकअप अर्धं बसलं की थांब. तेवढ्या दाबावर गाडी खड्ड्यात खालीवर झाली तरी पट्टा ढिला पडत नाही. मागचे दोन पट्टे फक्त बूड इकडंतिकडं सरकू नये म्हणून. स्टँड दोन्ही वर. स्टँडवर उभी करून आवळलीस तर सगळा दणका स्टँडच्या खिळीवर येतो. गिअरमधे ठेव.

बुलेट उजव्या अंगाला, म्हणजे सायलेन्सर हौद्याच्या भिंतीकडं जाईल. डाव्या अंगाला अ‍ॅक्टिवा, हातभर मागं, म्हणजे हँडलला हँडल भिडत नाही. तरी आधी टेप लावून माप घे, साइडव्हीलची रुंदी किटागणिक वेगळी असते. आणि ड्रायव्हरला विचार, हौद्याच्या आत कड्या आहेत का? नुसते बाहेरचे हूक असतील तर बुलेटचा डावा पट्टा अ‍ॅक्टिवावरून जाईल, तसं नको. तो जाळीच्या खालच्या पाइपाला मधोमध अडकव.

आता चढवणं. घाटात गाडी पडलेली मी फार बघितली नाही, पडते ती फळीवर. यवतेश्वरच्या उतारावर एका गिऱ्हाइकाची गाडी चढवत होतो. फळी फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडत्या झडपेवर, नुसती टेकवलेली. पिकअप वीतभर पुढं सरकली, फळी निसटली, मी खाली आणि गाडी माझ्यावर. घोटा अजून थंडीत बोलतो. तेव्हापासून फळी साखळीनं फाळक्याच्या बिजागरीला बांधल्याशिवाय चाक वर जात नाही, आणि पिकअपच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड.

अ‍ॅक्टिवा फळीवरून चढवायचं डोक्यातून काढ. तिची चाकं तीन रांगांत, फळी एक. सोसायटीजवळ एखाद्या दुकानाचा माल उतरवायचा ओटा बघ. पिकअप मागं लाव, फाळका ओट्यावर पाड, ढकलत आत ने.

टेक्सासचा_पाटील:
पाना१४ यांना दंडवत. इकडे आमच्या ग्रुपातल्या एका काकांची हार्लेची ट्राइक आम्ही ट्रेलरवर नेतो, साडेपाचशे किलोच्या वर वजन. तीनचाकी गाडी कलत नाही, त्यामुळे तिला दाबून धरायची गरज नसते, जागेवरून हलू द्यायची नाही एवढंच. आम्ही पट्टे टायरवरूनच टाकतो, मोटारीसारखे. मग स्प्रिंग मोकळी राहते. अ‍ॅक्टिवालाही हेच करता येईल.

तुमचा पिकअप आहे म्हणून एक डोकेदुखी वाचली. ट्रेलरला सगळा बोजा मागे गेला की हायवेवर शेपूट हलायला लागतं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार ओढणाऱ्या गाडीच्या हूकवर यावा लागतो, त्यासाठी ट्राइक पुढेमागे सरकवत बसतो आम्ही.

पाना१४:
पाटील, पुढच्या चाकाला तुमचं बरोबर. साइडव्हीलला नको. ती किटची चाकं ब्रॅकेटला दोन-तीन बोल्टांवर असतात, आडवा ताण दिला तर ब्रॅकेट वाकतं. मागं सीटखालच्या चासीच्या पाइपाला बांधा, चाकांना पुढंमागं लाकडी ठोकळे. डाव्या ब्रेकचं लॉक लावून ठेवा. फायबरवरून पट्टा ओढू नका, तडकतं.

रिझर्व्हवर_चाललोय:
कार्ब्युरेटरवाली क्लासिक आहे, पेट्रोलचा कॉक बंद करा. हा सल्ला मी दर वेळी देतो आणि स्वतः विसरतो. एकदा अख्खी ताडपत्री पेट्रोलने घमघमत होती. टाकीत गावातल्या पंपापर्यंत पोचण्यापुरतंच ठेवा.

ताडपत्री गाडीवर गुंडाळू नका. वाऱ्याने फडफडून रंग घासून काढते.

वाशिष्ठीकाठचा:
उतरवायचं काय? चिपळूणच्या घराचं जोतं २०२१ च्या पुरानंतर बरंच उंच घेतलंय, पिकअपच्या फाळक्याला लागेल असं वाटतं.

पाना१४:
मग देवच पावला. दोन्ही तिथंच उतरव. जोतं कमीजास्त भरलं आणि बुलेट फळीवरून घ्यावी लागली तर ती मागं-मागं येणार. तेव्हा पुढच्या ब्रेकवर भरवसा ठेवू नको, वजन मागं असतं, पुढचं चाक नुसतं घसरतं. इंजिन बंद, पहिला गिअर, क्लच थोडा थोडा सोडत आण. दोघं बाजूला धरायला.

खेड शिवापूरचा टोल ओलांडला की थांबून चारही पट्टे बघ. पहिल्या तीस किलोमीटरात सगळं बसतं आणि ढिलं पडतं. मग पाटणला चहा घेताना परत, घाटाच्या आधी.

वाशिष्ठीकाठचा:
पोचलो. खेड शिवापूरला थांबलो तेव्हा बुलेटचा उजवा पट्टा खरोखर चार टकटक ढिला झाला होता. ड्रायव्हरने स्वतः आवळला आणि पट्टे कुठून घेतले विचारलं. कुंभार्लीत मी आरशातून मागेच बघत होतो, दोन्ही गाड्या जागच्या हलल्या नाहीत. जोतं फाळक्यापेक्षा चार बोटं खाली निघालं, मधे पाट टाकला. बाबा संध्याकाळी अ‍ॅक्टिवावरून बाजारपेठेत जाऊन मासे घेऊन आले.

बुलेटचे आरसे मात्र काढून ज्या पिशवीत ठेवले होते ती पिशवी पिकअपमधेच राहिली. ड्रायव्हर आत्ता कऱ्हाडच्या पुढे आहे.