फॅमिली मेडिसिनची शेल्फ : 'एएएफपीचे प्रश्न संपवा, बाकी आराम' हा सल्ला देणं थांबवा

धागाकर्ती : उंबरठा

नव्यांसाठी : शेल्फ म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजात प्रत्येक रोटेशनच्या (एका विभागातल्या काही आठवड्यांच्या कामाच्या) शेवटी होणारी लेखी परीक्षा, आणि एएएफपी म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांची संघटना. परवा एकाने इथे लिहिलं, "फॅमिलीच्या शेल्फला वेगळं काही वाचायची गरजच नाही. एएएफपीचे बोर्ड रिव्ह्यूचे प्रश्न विद्यार्थी सभासदांना फुकट आहेत, ते संपवा. बाकी रोटेशन म्हणजे आराम." खाली सगळ्यांच्या माना डोलल्या. मला राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

ते प्रश्न मुळात सर्टिफिकेशनच्या तयारीतल्या डॉक्टरांसाठी आहेत. दोन-तीन ओळींची माहिती की लगेच प्रश्न. शेल्फमध्ये बाई गुडघेदुखीसाठी येते, मग तिची औषधं, सिगारेट, आईचा कॅन्सर, जुन्या लशी असं सगळं येतं आणि विचारतात भलतंच. ११० प्रश्न, १६५ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. आखूड प्रश्नांवर तयार झालेला माणूस विसाव्या प्रश्नालाच मागे पडतो.

दुसरं, स्क्रीनिंग, म्हणजे लक्षणं नसताना करायच्या तपासण्या. सीनियरकडून आलेला अँकीचा (फ्लॅशकार्ड ॲपचा) डेक डोळे झाकून घोकणाऱ्यांनी हे वाचाच. ५६ वर्षांचा माणूस, २२ पॅक-इयर्स (रोज एक पाकीट वर्षभर म्हणजे एक), सिगारेट सोडून १० वर्षं झालेली. यूएसपीएसटीएफच्या (अशा तपासण्यांच्या शिफारशी करणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञगटाच्या) २०१३ च्या नियमाने त्याचा फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी सीटी करायचा नव्हता, कारण तेव्हा ३० पॅक-इयर्स लागायची. २०२१ पासून करायचा : वय ५० ते ८०, २० पॅक-इयर्स, सोडून १५ वर्षांच्या आत. कोलनच्या कॅन्सरची तपासणी सुरू करायचं वय २०२१ मध्येच ४५ वर आलं. मॅमोग्राम २०२४ पासून ४० ते ७४, दर दोन वर्षांनी. जुना डेक या तिन्ही ठिकाणी चुकीचं उत्तर पाठ करून घेतो. यूएसपीएसटीएफच्या साइटवर ए आणि बी शिफारशींची, म्हणजे 'करा' असं सांगितलेल्या गोष्टींची, यादी आहे. ती आधी वाचा, मग बाकीचं निवडा.

रातपाळी

साफ असहमत. एएएफपी नको तर काय, स्टेप २ चे, म्हणजे परवान्याच्या दुसऱ्या परीक्षेचे, प्रश्नसंच? त्यांत खांदा, घोटा, पुरळ, कंबरदुखी किती येतं हो? फॅमिलीच्या क्लिनिकमध्ये दिवसभर तेच असतं आणि शेल्फमध्येही येतं. एएएफपीच्या प्रश्नांत ते भरपूर आहे. दोन पेशंटच्या मधे फोनवर पाच प्रश्न होतात. मी जवळपास तेवढ्यावरच बसलो आणि ऑनर्स, म्हणजे सर्वात वरची ग्रेड, मिळाले. लांबलचक केस वाचायची सवय मेडिसिनच्या रोटेशनमध्ये लागतेच, तिच्यासाठी वेगळा अभ्यास कशाला?

उंबरठा

लागते, पण मेडिसिन आधी झालं असेल तर. तुमचं फॅमिली वर्षाच्या शेवटी होतं, हे तुम्हीच दुसऱ्या धाग्यावर लिहिलंय. तोवर मेडिसिन, पिडियाट्रिक्स, गायनॅक, सायकायट्री सगळं झालेलं. ज्या मुलीचं पहिलंच रोटेशन फॅमिली आहे तिला तुम्ही हाच सल्ला देणार? तिने प्रसूतिपूर्व तपासण्या आणि नैराश्याची औषधं कुठून आणायची? तुमचे ऑनर्स त्या आधीच्या आठ-नऊ महिन्यांचे आहेत.

रातपाळी

माझ्या ऑनर्सपर्यंत जायचं कारण नव्हतं. मुद्द्यावर बोला.

गावकुसाबाहेरची

मी फॅमिलीची रेसिडेंट. 'आराम' हा शब्द वाचूनच डोकं फिरलं. सर्जरीला जाणारी मुलं आमच्याकडे येतात आणि कोपऱ्यात बसून दुसऱ्याच शेल्फचे प्रश्न सोडवतात. समोर मधुमेह, पायाची जखम, थकलेले हप्ते आणि रडणारी सून एकाच पंधरा मिनिटांत बसलेली असते, ते बघायला कोणी मान वर करत नाही. संसाधनं निवडण्याआधी पेशंट बघा. रोज संध्याकाळी आज पाहिलेल्या दोन आजारांवर वाचा, निम्मी परीक्षा तिथेच होते.

तिसऱ्या_वर्षाची

ताई, मी अगदी तेच केलं. माझ्या डॉक्टरांनी मूल्यमापनात भरभरून लिहिलं. शेल्फ कटऑफच्या जरा खाली गेली आणि ग्रेड घसरली. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ ही परवान्याची पहिली परीक्षा फक्त पास-नापास आहे, त्यामुळे सगळे या ग्रेडकडेच बघतात. पेशंट बघा हे ऐकायला छान वाटतं, पण परीक्षा आमची असते. आणि क्लिनिकमध्ये शिकलेलं परीक्षेत चालतं का? आमच्याकडे रक्तदाब १४० च्या खाली आला की खूश. डेकमध्ये १३०. काय लिहायचं?

गावकुसाबाहेरची

तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. डेकमधला १३० हृदयरोगवाल्यांच्या संस्थांच्या २०१७ च्या एसीसी-एएचए गाइडलाइनमधला, आणि तिला एएएफपीने मान्यता दिली नाही. २०२२ च्या आमच्या स्वतःच्या गाइडलाइनमध्येही १४०/९० च्या खालीच आहे.

हृदयस्थ

बरोबर कसं? २०१५ ची स्प्रिंट ही रक्तदाबाची मोठी चाचणी वाचली आहे का? सिस्टॉलिक १२० च्या खाली आणल्यावर हृदयविकार आणि मृत्यू दोन्ही कमी झाले. फॅमिलीवाले दहा वर्षं हटून बसलेत आणि पेशंट आमच्या वॉर्डात येतात. माझ्या काकांना १३८ वर 'छान आहे' म्हणून घरी पाठवत राहिले. पुढे स्ट्रोक झाला.

गावकुसाबाहेरची

काकांचं वाईट वाटलं, मनापासून. पण स्प्रिंटमध्ये मधुमेही नव्हतेच. दाब मोजायची पद्धतही आमच्या गर्दीच्या क्लिनिकसारखी नव्हती. पेशंट शांत बसलेला, यंत्राने आपोआप घेतलेली रीडिंग्ज. आणि भोवळ येऊन शुद्ध हरपणं, किडनीला इजा हे १२० च्या गटात जास्त झालं, ते का गाळता? ८१ वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या आजी बाथरूममध्ये पडल्या की फोन मला येतो, तुम्हाला नाही.

हृदयस्थ

म्हणजे भीतीपोटी उपचार करायचे नाहीत?

गावकुसाबाहेरची

माणूस बघून करायचे. हे तुम्हाला समजावून सांगावं लागतंय याचंच नवल वाटतं.

उंबरठा

दोघेही थांबा. विचारणारी मुलगी बाजूलाच राहिली. शेल्फ तुम्हाला १३६ वर अडकवायला बसलेली नाही. तिथे १६२/९८ देतील, दुसऱ्या भेटीतही तेवढंच, आणि विचारतील पहिलं औषध कुठलं. सोबत मधुमेह आणि लघवीत अल्ब्युमिन असेल तर एसीई इन्हिबिटर किंवा एआरबी. गरोदर असेल तर ती दोन्ही बाद. वादग्रस्त आकड्यावर रात्र घालवण्यापेक्षा हे पक्कं करा.

हृदयस्थ

परीक्षेपुरतं ठीक आहे. पेशंटबाबत माझं मत तेच आहे.

रातपाळी

बरं. रोटेशन वर्षाच्या सुरुवातीला असेल तर फक्त एएएफपी पुरणार नाही, एवढं मानतो. स्क्रीनिंगची वयं मूळ ठिकाणी बघावीत हेही मानतो. पण हाडं-सांध्यांसाठी त्याहून चांगलं काय आहे ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

उंबरठा

नाहीच सांगितलं, कारण तिथे तुमचं म्हणणं मला पटतं. ऑटवाचे घोट्याचे नियम (मुरगळल्यावर एक्स-रे कधी काढायचा) मीही तिथूनच पक्के केले. माझा राग 'फक्त' या शब्दावर आणि 'आराम'वर आहे.

तिसऱ्या_वर्षाची

मला पुन्हा बसायचंय. पैसे एकाच वर्गणीपुरते आहेत. एक काय घेऊ?

उंबरठा

यूवर्ल्ड या प्रश्नसंचाची स्टेप २ ची वर्गणी. ती पुढेही लागणारच आहे. त्यात बाह्यरुग्ण विभागातले प्रश्न आधी कर. एएएफपी फुकट आहे, त्यातून हाडं आणि त्वचा घे. यूएसपीएसटीएफची यादी फुकट, लशींचं सीडीसीचं (अमेरिकी सरकारच्या आरोग्यसंस्थेचं) वेळापत्रकही फुकट. नवं पुस्तक घेऊ नकोस.

रातपाळी

आणि शेल्फ काढणाऱ्या एनबीएमईचा ५० प्रश्नांचा सराव फॉर्म परीक्षेच्या आठवडाभर आधी दे, आदल्या रात्री नको. चुकलेलं वाचायला दिवस हवेत.

गावकुसाबाहेरची

क्लिनिकला मात्र दांडी मारू नकोस. हे मी दहा वेळा लिहीन.