चार किलोची रायफल तीन किलोवर आणता येईल का?

माणदेशी
नमस्कार. मी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला असते, वय ५१, उंची पाच फूट दोन. चार वर्षं झाली, नवऱ्याबरोबर एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाते. घरातलं वर्षाचं मटण त्यातूनच निघतं. रायफल जुनी, रेमिंग्टन ७०० शॉर्ट अ‍ॅक्शन (अ‍ॅक्शन म्हणजे काडतूस भरून उडवणारी यंत्रणा), ७ एमएम-०८ काडतुसाची, २४ इंची नळी, अक्रोडाचा दस्ता. स्कोपसकट (नेम धरायच्या दुर्बिणीसकट) काट्यावर ४ किलो ५० ग्रॅम भरली. गेल्या ऑक्टोबरात साडेदहा हजार फुटांवर तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागला. नवरा म्हणतो, टायटॅनियमची अ‍ॅक्शन, कार्बनची नळी घालून नवीच बनवून घे. खर्च ऐकून पोटात गोळा आला. आहे तीच हलकी होईल का?

लेथवाला (बोझमन)
ताई, होईल. अ‍ॅक्शनला हात लावू नका, पैसा तिथे जातो आणि वजन दुसरीकडेच असतं.

पहिला दस्ता. अक्रोडाचा किलोभर असतो, चांगला कार्बन फायबरचा सहाशे ग्रॅमच्या आसपास. मग स्कोप. तुमच्यावर ५० मिलिमीटरची मोठी काच आणि पोलादी माउंट असेल तर अडीच ते आठ पट मोठं दाखवणारी छोटी काच आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा घ्या, पाव किलोच्या वर सुटतं. नळी २० इंचांवर आणली की आणखी शंभर-सव्वाशे ग्रॅम. चार इंचांमागे गोळीचा वेग सेकंदाला २५-३० मीटरने घटतो, तीनशे यार्डांच्या आत ते चालतं. पण कापणं परवानाधारक गनस्मिथकडूनच. तोंडाची कडा एका बाजूला तिरकी राहिली तर गोळी भरकटते. १६ इंचांखाली तर जायचंच नाही, फेडरल कायदा वेगळा लागतो.

कार्बन गुंडाळलेली नळी जाड असते. बारीक पोलादी नळी कित्येकदा तिच्याहून हलकी भरते.

सगळं मिळून सव्वातीन किलोच्या आसपास याल. तिथे थांबा, ही माझी विनंती समजा. वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्ज यांनी १९८०च्या दशकात २० औंसांची अ‍ॅक्शन आणि केव्हलार-ग्रॅफाइटचा दस्ता घेऊन पाच पौंडांच्या रायफली केल्या. नळी दस्त्याच्या पुढच्या टोकापर्यंत त्यात बसवायचे. त्यांचं काम पाहून मीही स्वतःची २.६ किलोवर आणली, स्कोपसकट. रेंजवर सुरेख चालली. डोंगरावर धापा टाकत, वाऱ्यात, गुडघ्यावर बसून मारली तेव्हा पुढचं टोक पानासारखं हललं. मादी मागच्या पायाला लागून गेली. रक्ताच्या थेंबांवरून अडीच तास चाललो, तेव्हा सापडली. तिचा आवाज अजून कानात आहे. त्या हिवाळ्यात मी नळी बदलून पुढे जाड घेतली.

कोलोरॅडोचा_पुणेकर
धक्क्याचंही बघा. तीच काडतुसं राहिली तर रायफल ४.०५ वरून ३.२ किलोवर आल्यावर धक्क्याची ऊर्जा सव्वापट होते. मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवायचा, धक्का कमी करणारा भाग) सुचवतील, पण त्याने आवाज वाढतो, शिकारीत कानाला मफ नसतो आणि शेजारी नवरा उभा असतो. मी लावत नाही. आणि इथे वाचणाऱ्या एच-१बीवाल्यांनो, बिगर-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने सहसा मनाई आहे. वैध शिकार परवाना हा अपवाद आहे, पण आधी वकिलाला विचारा.

लेथवाला (बोझमन)
बरोबर. म्हणूनच ताई, दस्ता मापाचा घ्या. चापापासून दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकापर्यंतचं अंतर बाजारात साडेतेरा इंच मिळतं, पाच फूट दोनला ते लांब पडतं. दस्ता आखूड केला तर धक्का खांद्याच्या खळग्यात बसतो. मऊ रबरी पॅड लावा, तिथे ५० ग्रॅम वाचवू नका. जुना अक्रोड मात्र जपून ठेवा, स्क्रू खुणेनिशी पिशवीत घालून.

माणदेशी
आज नवऱ्याने टेप लावून माप घेतलं, थंडीचं जाड जाकीट घालून. पावणेतेरा. चार वर्षं मी साडेतेराच्या दस्त्यामागे मान ताणत होते आणि गोळी उजवीकडे का जाते म्हणून स्वतःलाच बोल लावत होते. नळी सध्या तशीच ठेवते. दस्ता आणि काच आधी. जूनमध्ये रेंजवर नेईन, जिना चढून-उतरून श्वास फुलल्यावर पाच गोळ्या मारेन, कागदाचा फोटो इथे टाकते.