'संघटनात्मक पुनर्रचना' म्हणजे नेमकं काय बदलतं?

काजूवाला, वेंगुर्ला: आमच्या काजू कारखान्यात बी फोडणं, सोलणं, प्रतवारी अशी खाती होती. आता मालक देशी विक्री आणि निर्यात अशा दोन शाखा करतायत, प्रत्येकीला वेगळा प्रमुख. फलकावरचा मराठी मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. 'संघटनात्मक बदल' लिहिलं तर कामावरच्या बायका विचारतील, युनियनचा अध्यक्ष बदलला काय? दुसरा शब्द सुचवा.

निवृत्त बाबू, ओरोस: 'आकृतिबंध'. सरकारात हाच चालतो. सुधारित आकृतिबंध मंजूर झाल्याशिवाय शिपायाचं पदसुद्धा वाढत नाही.

रूळकरी, रत्नागिरी: बाबू, आकृतिबंधात पदं कोणती आणि किती एवढंच कळतं. कोणी कोणाला विचारायचं, कोणाची सही शेवटची, हे त्यात कुठे असतं? कोकण रेल्वेचं बघा. 1990 साली त्यासाठी वेगळं महामंडळच काढलं, भांडवल केंद्राचं आणि चार राज्यांचं, अध्यक्ष ई. श्रीधरन. रोहा ते मंगळूर मार्गाचे सात विभाग पाडले, सुमारे शंभर-शंभर किलोमीटरचे, आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता बसवला. 26 जानेवारी 1998 ला मार्ग पूर्ण खुला झाला. आज गाड्या चालवायला रत्नागिरी आणि कारवार हे दोनच विभाग आहेत. बांधायला सात, चालवायला दोन. काम बदललं तशी रचना बदलली.

काजूवाले, तुमचे मालक करतायत ते अमेरिकेच्या ड्यूपॉन्ट कंपनीने 1921 मध्ये केलं होतं. स्फोटकांवरून कंपनी रंग आणि इतर मालाकडे वळली, तेव्हा उत्पादन, विक्री अशी खाती पुरेनात. मग मालाप्रमाणे शाखा केल्या. म्हणून मी 'खातेनिहाय' आणि 'शाखानिहाय' म्हणेन. आणि एकूण गोष्टीला 'अधिकाररचना'.

हर्णैकरीण: 'उतरंड' कोणीच काढली नाही! पण तीही अपुरीच, वरखाली कोण एवढंच सांगते. होडी नाखव्याची, म्हणजे मालकाची, पण पाण्यात गेल्यावर शब्द तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्याचा. हे उतरंडीत कसं बसवणार? हल्ली साहेब लोक 'थर कमी करणे' म्हणतात, ते कोकणाला नवीन नाही. सरकार आणि कुळ यांच्यामधला खोत 1949 च्या कायद्याने काढलाच की.

काजूवाला: 'अधिकाररचना' छान, पण फलकावर जड होईल. 'कामाची आणि अधिकारांची नवी मांडणी' लिहितो. मालकांना 'रीस्ट्रक्चरिंग' हवंच आहे, ते वर ठळक. अजून एक: सोलणीच्या बायका दोन्ही शाखांसाठी काम करणार. मॅनेजर त्याला 'मॅट्रिक्स' म्हणतो.

निवृत्त बाबू: 'अतिरिक्त कार्यभार'!

रूळकरी: तो एका माणसाला दोन खुर्च्या, बाबू. इथे एका माणसाला दोन साहेब. 'दुहेरी नियंत्रण' म्हणा. आणि रजेच्या अर्जावर कोणाची सही चालेल, ते त्याच फलकावर लिहा.